चौकातली जागा

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला तेव्हा शिवकांताने आधी हात पदराला पुसले. अहमदपूरच्या बसस्टँडसमोरच्या चौकात बसणाऱ्या अकरा विक्रेत्यांचं रक्त लातूरच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी तपासायला नेलं होतं. शिसं सगळ्यांच्याच रक्तात निघालं, शिवकांताच्या सगळ्यांत जास्त.

बावीस वर्षं ती तिथेच पेरू विकत होती. पाठीमागे जुन्या बॅटऱ्या फोडणारं दुकान, पुढे गाड्यांनी उडवलेली धूळ. हल्ली तिची बोटं बधिर व्हायची, पोटात कळा यायच्या. वय झालं असं धरून ती चालली होती. बॅटऱ्यांमधल्या शिशाची ही धूळच अंगात भिनली, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं.

शेजारी सून स्वप्नाली पेरू पुसत बसली होती. तिला चौथा महिना होता.

"पोटातल्या लेकराला बी जातं का हे?" शिवकांताने विचारलं.

"जातं. आईच्या रक्तातून."

शिवकांताने सुनेच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "ऊठ. रक्त तपासून घे आन् घरी जा. इथं पुन्हा यायचं न्हाई."

"आत्या, पेरूची पाटी कोण उचलंल? तुमच्या हातात जोर हाय का?"

"माझं मी बघते."

स्वप्नालीच्या रक्तात शिसं थोडंच निघालं. पण शिवकांतालाही आता तिथे बसवेना. जागा सोडली की गिऱ्हाईक सुटलं, असं शेजारचा चहावाला सिद्धेश्वर म्हणाला, आणि ते खरंच होतं. आडत बाजारामागच्या बोळात माणिकप्पांच्या बंद दुकानाचा ओटा रिकामा होता. माणिकप्पा दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते उठायच्या आत तिने ओटा धुऊन काढला. मग त्यांनी तिला बसू दिलं.

बोळात वर्दळ कसली? निम्मे पेरू रोज घरी परत जात. तरी ती हलली नाही.

पंधरा दिवसांनी ती चौकातून जात होती. तिच्या जागेवर पार्वती नावाची बाई पेरू घेऊन बसली होती, आणि तिची दोन वर्षांची पोर धुळीतलं बिस्कीट उचलून खात होती. शिवकांता पार्वतीजवळ टेकली आणि तिने रक्ताचं सगळं सांगितलं.

पार्वतीने ऐकून घेतलं. "खरं असंल, मावशी. पर मंग मी बसू कुठं?"

शिवकांताने पोरीचे हात धुतले, तिला कडेवर घेतलं. "चल," ती म्हणाली.

दुपारी ओट्यावर पेरूंचे दोन ढीग लागले. बोळात गिऱ्हाईक एकच आलं. शिवकांताने त्याला पार्वतीच्या ढिगाकडे बोट दाखवलं.