पारोळावालीचा पाठ

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! माझा बी.एड.चा वार्षिक पाठ आणि सासऱ्यांचं धुळ्याला येणं, दोन्ही एकाच दिवशी आलं. गोष्ट एकोणनव्वदची. मागच्या बाकावर परीक्षक बसणार, समोर आठवीचा वर्ग, विषय इंग्रजी, घटक नामाचे प्रकार. हा पाठ पडला की अख्खं वर्ष गेलं आणि वर्षाबरोबर मास्तरकीही गेली.

सासऱ्यांना, अभिमननानांना, माझी मास्तरकी नकोच होती. चाळीसगावजवळ त्यांची कपाशी, आणि घरात हुकूम फक्त त्यांचा. लग्नात म्हणाले होते, शिकू देऊ. लग्न झालं आणि विसरले. मी भांडून धुळ्याला आले, तर पाठाच्या आदल्या दिवशी निरोप आला, "उद्या संगे आली ते सून, नही ते पोरगाले दुसरी देखतस."

देखा म्हणावं! असं तोंडाने म्हणायला काय जातं? पण पोरगा म्हणजे आमचे हे, आणि ह्यांच्यावर माझा जीव होता. खोटं कशाला बोलू. रागावायला जावं तर समोर राग टिकायचा नाही, असा माणूस. खोट एकच, बापासमोर तोंड उघडायचं नाही. मी धुळ्याला निघाले तेव्हा स्टँडवर पिशवी हातात देऊन नुसतं "जा" म्हणाले होते. त्या एका शब्दावर मी वर्ष काढलं.

नावाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं माहेरचं नाव धुरपदा. आजीचं ठेवलं. शाळेत पोरी हसायच्या, मला लाज वाटायची. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यावर लिहिलं, वैशाली. मी अशी खूश झाले म्हणता! सुटले एकदाची धुरपदातून, म्हटलं. पण सासरी कोण म्हणतंय वैशाली? नाना, सासूबाई, गल्लीतल्या बाया, सगळ्यांची मी पारोळावाली. पारोळ्याची सून आणली ना! हे तर हाकच मारायचे नाहीत. "आयकं का?" एवढंच. बायकोचं नाव घेतलं तर जीभ झडते की काय, देव जाणे.

तर पाठ. मी साधनं घेतली होती, केळीची एक फणी आणि कापसाचा बोळा. वर्गात शिरले तेव्हाच खिडकीतून दिसलं, व्हरांड्यातल्या बाकावर नाना टोपी मांडीवर घेऊन बसलेले आणि शेजारी हे, मान खाली. खडू दोनदा पडला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

फळ्यावर रकाने आखले. प्रॉपर नाउन म्हणजे विशेषनाम, एकाच माणसाचं किंवा जागेचं. पोरं ओरडली, "धुळे! तापी!" कॉमन नाउन म्हणजे सामान्यनाम. "शहर! नदी!" फणी दाखवून कलेक्टिव्ह म्हणजे समूहवाचक झालं, कापूस दाखवून मटेरियल म्हणजे पदार्थवाचक झालं. मागच्या पोरांचं लक्ष फणीवरच होतं. शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. "जे हातात धरता येत नाही, पण असतं, असं काही सांगा."

"भूक," मागून आवाज आला. बरोबर, म्हटलं.

"भीती," पुढच्या बाकावरची यशोदा म्हणाली. मी फळ्यावर भीतीचा इंग्रजी शब्द लिहिला आणि डोळे पुन्हा खिडकीकडे गेले. बाकावर नाना नव्हते.

ते दारात होते. वर्ग नाही, परीक्षक नाहीत, जणू शेतातच उभे. "चाल वं पारोळावाली! बठ्ठं झायं ना शिकनं? गाडी निंघी जाई."

पोरं खी खी करून हसली. माझे कान तापले. असं वाटलं खडू फेकावा आणि पळावं, पण कुठे, वर्गाला दार एकच आणि त्यात नाना. परीक्षकांचं पेन थांबलं होतं. तेवढ्यात यशोदाने हात वर केला. ती हसत नव्हती.

"बाई, पारोळावाली हे कोणतं नाम?"

मी नानांकडे पाहिलं. रडूही येत होतं आणि संतापही. म्हटलं, "सामान्यनाम. पारोळ्याहून सासरी गेलेली कोणतीही बाई."

"मग तुमचं विशेषनाम काय?"

वैशाली सांगता आलं असतं. छान होतं, फळ्यावर शोभलं असतं. पण त्या नावाने मला कुणी कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी वळले आणि पहिल्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, धुरपदा. पोरं पुन्हा हसली. हसू देत.

"चालनी का नही?" नाना कडाडले.

"पाठ संपेपर्यंत नाही," मी म्हटलं. आवाज कापला, पण म्हटलं. संपला संसार, असं त्या क्षणी वाटलं, शप्पथ.

मग नानांच्या मागून आवाज आला. मला आधी ओळखूच आला नाही, इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता.

"नाना, धुरपदाना पाठ चालू शे. तुम्ही या गाडीवर जा. मी थांबस."

नानांनी वळून पोराकडे पाहिलं. पोराने मान खाली घातली नाही. नानांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि गेले. परीक्षक म्हणाले, "हं, बाई, पुढे." पुढे मी काय शिकवलं ते देवालाच ठाऊक, पण घंटा होईपर्यंत शिकवलं.

बाहेर आले तर हे त्याच बाकावर बसलेले. मी शेजारी बसून फणीतलं एक केळं दिलं. त्यांनी सोललं, खाल्लं नाही.

"नाना सोडणार नाहीत आपल्याला," मी म्हटलं.

"माले माहीत शे."

"मघाशी जे म्हणालात, ते आणखी एकदा म्हणा."

ह्यांनी मैदानावर चहूकडे नजर फिरवली. कान लाल झाले होते. "धुरपदा," म्हणाले, हळूच.

पोरं डबे उघडून बसली होती, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला हसू आलं, आणि ह्यांचं जे नाव जन्मात तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं.

"खा ना, भटू," मी म्हटलं.