पाठमोरा सामना

"वहिनी, आता तरी वळा इकडे. पाठ फिरवून मॅच बघणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही."

धाकटा दीर तिच्या मुलाच्या संगणकासमोर उभा होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसली होती. समोर भिंत, मांडीवर घडी करायचा राहिलेला टॉवेल. बाहेर लख्ख दुपार होती.

"तुम्ही बटण दाबा भावजी. मी ऐकते."

ऐकण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिची उभी हयात गेली होती. तोंड इस्त्रीच्या रुळाकडे आणि पाठ धुण्याच्या यंत्रांकडे. कुठल्या यंत्रात चादरींचा पीळ पडलाय हे ती मागे न बघता सांगायची. तशीच आता संगणकातल्या गर्दीच्या आवाजावरून गोल आपण केला की खाल्ला, हे तिला कळायचं.

संगणकावरच्या या फुटबॉलच्या खेळात चेंडूला आपण लाथ मारायची नसते. संघ निवडायचा, कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं आणि मग हातावर हात ठेवून बघत बसायचं. पडद्यावर नंबरांचे ठिपके पळतात, खालच्या पट्टीत वर्णन उमटत राहतं. वेड मुलाचं. त्यानं स्वतःलाच खेळाडू करून संघात घातलं होतं, तेही आई घरात ज्या नावानं हाक मारायची त्या नावानं. ठोंब्या, अठरा नंबर.

असे खेळ खेळणाऱ्यांच्या डोक्यात नाना खुळं असतात. कोणी जिंकलेल्या दिवशीचा शर्ट धूत नाही, कोणी सामना संपेपर्यंत खुर्ची हलवत नाही. ठोंब्याचं खूळ म्हणजे आई.

"आई, तू बघितलंस की गोल खातो आपण. जा ना बाहेर!"

"मग चहा काय तुझा गोलकीपर आणणार का?" असं म्हणत ती कप ठेवून निघायची. आणि गंमत अशी, की दार ओढलं की आतून आरोळी यायचीच. मुलाचे वडील लवकर गेलेले, घरात दोघंच. ती आरोळी म्हणजे घराचा आवाज होता.

मग ठोंब्याचं दुखणं निघालं. शस्त्रक्रियेच्या सकाळी आत नेताना तो हसत म्हणाला, "आई, बघायचं नाही हं. हरू आपण."

ती बराच वेळ दाराकडे पाठ करून उभी राहिली. पण आईचाच जीव तो. तिनं वळून दाराच्या काचेतून एकदा आत बघितलं. ठोंब्या परत आला नाही. डॉक्टरांनी नीट कारणं सांगितली, तिनं मान डोलावली, पण आपण बघितलं म्हणून पोर गेलं हे तिच्या मनात रुतलं ते रुतलंच.

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी ती त्याचा संघ खेळवायची. बटण दाबायचं आणि पटकन पाठ फिरवायची. संघ सहसा हरत नसे. एकदा कपाटाच्या आरशात पडदा चुकून दिसला आणि त्या सामन्यात गोलामागून गोल बसले. तिनं आरशाला चादर लावली. कधीकधी सामना रंगात आला की मागची रिकामी खुर्ची करकरायची, जसं कोणी पुढे सरकून बसावं. ती वळायची नाही. भीती वाटायची, आणि खुर्ची गप्प राहिली तर त्याहून जास्त वाटायची.

खेळातली वर्षं भराभर सरतात. ठोंब्या पस्तिशीचा झाला आणि पडद्यावर निरोप आला, की अठरा नंबर या सामन्यानंतर निवृत्त होतोय. तिनं घाबरून दिराला बोलावलं. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

"हे थांबवता येत नाही का हो?"

"नाही वहिनी. पण एक सांगू? तुमच्या बघण्या न बघण्यानं काही होत नसतं. बटण दाबलं की यंत्र आकडे टाकून मोकळं. तुम्ही बघा नाहीतर भिंतीला तोंड लावून बसा."

"मग ते काचेतलं?"

दीर पडद्याकडे वळला. त्यानं बटण दाबलं. खुर्ची मात्र त्यानं घेतली नव्हती. ती त्याच्या शेजारी रिकामीच होती.

मध्यंतराला संघ एका गोलानं पुढे होता.

"ठोंब्या खेळतोय?"

"खेळतोय की. दमलाय पण. वय झालं त्याचं."

वय झालं, हे तिनं मनात परत म्हणून पाहिलं. तिच्या मुलाचं वय झालेलं तिनं कुठे पाहिलं होतं?

"कसा दिसतो हो?"

"ठिपका आहे वहिनी. नुसता ठिपका."

खुर्ची करकरली. दिरानं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि तो दोन पावलं बाजूला सरकला.

ती वळली.

गर्दीचा आवाज क्षणात तुटला. समोरच्या संघानं गोल केला होता. ती बघत राहिली. दुसरा गोल झाला. दीर घाईनं पुढे आला.

"वहिनी, पाठ करा! मी हा बंद करतो. सामन्याआधीचा खेळ जपून ठेवलाय, तिथून परत सुरू करू. काही झालंच नाही असं होईल."

त्याचा हात माऊसवर गेला. तिनं तो धरला.

"नको भावजी. काही झालंच नाही असं नको."

"अहो, पण शेवटचा सामना त्याचा, हरेल तो!"

"हरू दे. माझं पोर आहे. मी बघणार."

पडद्यावर सगळे ठिपके चेंडूमागे धावत होते. अठरा नंबर धावत नव्हता. तो उलट्या दिशेनं, सावकाश, मैदानाच्या अलीकडच्या कडेला आला आणि ती बसली होती त्याच्या बरोब्बर समोर थांबला. खालच्या पट्टीत अक्षरं उमटली. 'अठरा नंबर प्रेक्षकांकडे बघतो आहे.'

"असलं वाक्य या खेळात मी कधी वाचलं नाही," दीर पुटपुटला.

तिनं नजर हलवली नाही. पापणीसुद्धा लववायला तिचं मन होईना.

'अठरा नंबर मैदान सोडतो आहे,' पट्टीत आलं. मग, 'प्रेक्षक उभे राहिले आहेत.'

तिनं टॉवेल बाजूला ठेवला, कपाळावरचे केस सारखे केले आणि उभी राहिली.