वाखाची कोठी

तामाकीने शेवटचा खांब ठोकला, वर लव्हाळ्याचं छप्पर ओढलं आणि हात झटकत बाहेर आला. मरायला टेकलेल्या माणसाला घरातून हलवून असल्या खोपटात ठेवायचं, ही रीतच. घरात जीव गेला तर ते घर तापू. कुणी शिवायचं नाही, आतल्या चीजवस्तूंसकट जाळून टाकायचं. पण हे खोपट थोरल्या बहिणीसाठी होतं आणि तिला या दलदलीत त्यानेच आणलं होतं.

"अक्का, झालं बघ."

झोपडीच्या दारात निजलेली पारेहुइया खोकत राहिली. बोलायला दम कुठला!

सगळी वस्ती पूर्वी डोंगरावर होती, कोरडी, उन्हाची. मग नदीपलीकडच्यांनी गोऱ्यांकडून बंदुका मिळवल्या आणि तामाकीची झोप उडाली. टोळीचा नायक तो. व्यापारी बार्लो म्हणाला, जहाजांना दोर हवेत, दोरांना वाख. वाख द्या, बंदुका घ्या. वाखाची पाती दलदलीत, म्हणून तामाकीने वस्तीच खाली आणली. बायका गुडघाभर पाण्यात पाती कापायच्या, दिवसभर शिंपल्याने खरवडून वाख काढायच्या. वरचे रताळ्यांचे वाफे ओस पडले. ओल्या झोपड्यांतून खोकला फिरला आणि एकेक घर रिकामं होऊ लागलं. एवढी वाखाची कोठी भरू द्या, मग वर जाऊ, असं तामाकी दर खेपेला सांगायचा. आता सांगताना त्याची मान वर होत नसे.

बार्लो चिखल तुडवत आला.

"नायक, जहाज आलंय! उद्या कोठी रिकामी करू. पुढच्या खेपेला मात्र दुप्पट लागेल हं."

"बायका मरताहेत माझ्या."

"म्हणून तर म्हणतो, भराभर उरका," बार्लो अगदी मायेने म्हणाला.

 तामाकीने बहिणीला पाठीवर घेतलं. लहानपणी तिने त्याला असंच नदीपार नेलं होतं. आता तिचं ओझंसुद्धा जाणवेना. खोपटाच्या तोंडाशी तिने त्याचा खांदा दाबला.

"इथं नको. कोठीत ने."

तो जागीच थबकला.

"वेड लागलंय का, अक्का? सगळा वाख जाळावा लागेल! बंदुका कुठून आणू मग?"

"मला काय विचारतोस? त्या पोरींना विचार."

पाण्यातल्या बायकांचे हात थांबले होते. त्याच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

"आणि पलीकडचे आले तर?"

"डोंगरावर होतो तेव्हा ते येताना दिसायचे तरी. इथून काय दिसतं रे तुला?"

तामाकीने वर डोंगराकडे पाहिलं. "माझंच चुकलं गं," तो पुटपुटला.

"माहीत आहे. चल आता."

तो वळला.

"ए, नायक! तिकडे कुठे तिला?" बार्लो धावला. बायका पाण्यातून वर येऊन मध्ये उभ्या राहिल्या.

आत छतापर्यंत वाख रचलेला होता, पांढरा, रेशमासारखा. तामाकीने तिला त्यावर अलगद निजवलं. तिने तळहात फिरवला.

"केवढा मऊ केलाय रे आम्ही," ती म्हणाली. "एकदाही पाठ टेकली नाही यावर."

बाहेर बार्लो ओरडत होता. तामाकीने दार आतून ओढून घेतलं आणि तिचे गार पाय मांडीवर घेतले.