हाल्दोरला अडवणारी चाळणी

मी चाळणी बोलतेय. पिठाची नव्हे, चहाची तर नव्हेच. मला ना जाळी, ना कडा, ना मूठ. बोर्ग्नी आइकेलँडच्या संगणकात, न्यूजग्रुप वाचायच्या प्रोग्रॅममध्ये माझा मुक्काम. आलेल्या संदेशांतला कुठला तिला दाखवायचा आणि कुठला परस्पर टाकून द्यायचा, एवढंच माझं काम. लोक मला उद्धट म्हणतात. म्हणोत. आहेच मी.

माझा जन्म शहाण्णव सालच्या हिवाळ्यातला, हार्दांगर फ्योर्ड या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या काठावरच्या एका होडीशाळेतला. बोर्ग्नीचे वडील तिथे लाकडी होड्या बांधायचे. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता होडीशाळेला कुलूप लागणार. बोर्ग्नीने कुलूप लावलं नाही, रंधा हातात घेतला. पन्नाशीला आलेली बाई, पहिल्यांदाच एकटीने होडी बांधायला निघाली होती.

विचारायला माणूस जवळ नव्हता. पण होड्या बांधणाऱ्यांचा एक न्यूजग्रुप होता. मोडेम किंचाळत फोनच्या तारेला जोडला गेला, की देशभरातल्या सुतारांच्या गप्पा पडद्यावर उतरायच्या. चावडीच ती. कुणीही यावं, कुणीही बोलावं.

बोर्ग्नीने विचारलं, "होडीच्या पुढच्या टोकाची, नाळेजवळची फळी वाकवताना तडकते आहे. काय करू?"

पहिलं उत्तर आलं हाल्दोर सुंदे यांचं. हे जहाजांचे निवृत्त तपासनीस, होडी संघातलं बडं प्रस्थ. त्यांनी लिहिलं, "बाई, फळी तडकत नाहीये, हसते आहे तुम्हाला. घरी बसून वॉफलचे घावन भाजा, ते वाकवायला सोपे."

त्यानंतर हा गृहस्थ तिच्या मागेच लागला. तिने खिळ्यांबद्दल विचारलं, हा आला. डांबराबद्दल विचारलं, हा आला. तिने दुसऱ्या कुणाला नुसतं "आभारी आहे" लिहिलं, तरी खाली याच्या टोमण्यांची रांग लागायची.

तिचा भाऊ तोरलाइव्ह फेरीबोटीवर कामाला. तो म्हणाला, "अगं, वाचू नकोस, झालं! कशाला डोक्याला ताप?"

"वाचल्याशिवाय कळणार कसं रे, की ते वाचायचं नव्हतं?"

"मग सोड तो ग्रुप."

"मी का सोडू? त्याने सोडावा की!"

त्याच दुपारी तिने प्रोग्रॅमची मदतीची पानं उघडली. सुताराची जाड बोटं, एकेक अक्षर शोधत टाइप करत गेली. लिहिणाऱ्याचं नाव हाल्दोर सुंदे असेल तर संदेश टाकून दे. त्या एका ओळीतून मी जन्माला आले.

मी पहिल्यांदा चालले तेव्हा पडदा असा मोकळा झाला, की बोर्ग्नी खुर्चीत मागे रेलून बघतच राहिली. टोमण्यांच्या ढिगाखाली एक जुना संदेश गाडला गेला होता. लोफोटेनच्या बेटांवरचे म्हातारे होडीकार योरुंद, वर्षाकाठी दोन शब्द लिहिणारा माणूस. त्यांनी लिहिलं होतं, "पोरी, फळी आधी खाऱ्या पाण्यात चांगली भिजू दे, मग वाफ दे. आणि वाकवताना तिच्याशी भांडू नकोस."

ती फळी पुढे तडकली नाही. हे उत्तर किती दिवस तिथे पडून होतं, ते आठवलं की मला आजही संताप येतो.

हाल्दोरला कळलं, ही बाई आपल्याला वाचतच नाही. मग त्याने नावं बदलली. आज ओलाफ, उद्या कुणी पेदेर. टोमणे मात्र तेच, वॉफलसकट. बोर्ग्नी माझ्यात नवी ओळ घालायची आणि कामाला जायची. तो जाहीर ओरडला, "ही माझी मुस्कटदाबी आहे!"

मुस्कटदाबी? त्याचा एक शब्द मी कुठे अडवला? जगभर त्याचं लिहिणं जात होतं. फक्त एका बाईच्या टेबलावर ते येत नव्हतं. बोलायचा हक्क त्याचा, कबूल. पण तिचे कान काही त्याच्या बापाचे नव्हते.

वसंतात होडी संघाचे अध्यक्ष इंगवाल्ड घरी आले. तपकिरी चीज लावलेलं वॉफल खात म्हणाले, "बोर्ग्नी, ती काय ती चाळणी काढून टाक ना. हाल्दोर जुना माणूस आहे, त्याला लागलंय."

"आणि मला लागलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"वाद नको. जूनच्या मेळाव्यात जागा कुणाला द्यायची, ते तोच ठरवतो. तुझी नवी होडी तिथे यायला हवी ना?"

"होडी येईल."

"म्हणजे काढतेस?"

"नाही. होडी येईल, एवढंच म्हणाले. अजून एक वॉफल घ्या."

जूनमध्ये काय झालं, ते मी ग्रुपवर वाचलं. मेळाव्यात तिला जागा दिली नव्हती. ती फ्योर्डातून एकटी वल्हवत आली, धक्क्यापासून थोडी दूर, भर पाण्यात नांगर टाकून बसली. पाण्याला कुणाची परवानगी लागत नाही! लोक धक्क्याच्या टोकाशी गोळा झाले. मग कुणी आपली होडी सोडली, कुणी उसनी घेतली, आणि सगळे तिच्याभोवती जमून फळ्यांचे सांधे बोटांनी चाचपू लागले. इंगवाल्डही गेले.

आणि त्या आठवड्यात हाल्दोरचा एक संदेश आला. स्वतःच्या खऱ्या नावाने. "होडी पाहिली. काम चोख आहे. असे सांधे मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते."

मी तो वाचला. येणारं सगळं मीच तर वाचते. आणि टाकून दिला. नाव त्याचं होतं, आणि हुकूम तिचा.

पुढे तोरलाइव्हने स्वतःच्या संगणकावर तो संदेश पाहिला आणि धावत आला. "अगं, हाल्दोरने तुझी स्तुती केलीये! चाळणी उघड, दाखवतो."

बोर्ग्नी होडीला डांबर लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "नको."

"अगं, चांगलं लिहिलंय!"

"असेल. पण होडी तरंगते, हे मला पाण्याने सांगितलंय. त्याचा दाखला घेऊन कुठे लावू?"

आता ग्रुप ओस पडलाय. योरुंद गेले. हाल्दोरही थकला, मग थांबला. बोर्ग्नीने संगणक बदलले, पण दर वेळी मला बरोबर नेलं. हल्लीच्या यंत्रांत मोठमोठ्या चाळण्या असतात म्हणे, त्या कुणाच्या हुकमाने चालतात ते वाचणाऱ्यालाच ठाऊक नसतं. माझ्यातली एकेक ओळ मात्र जिच्यासाठी मी राबते, तिच्याच हातची आहे.

म्हणून सांगते, तुमची चाळणी तुम्हीच विणा. शिष्ट म्हणतील, भित्री म्हणतील. म्हणू द्या. ते वाचायला मी बसले आहे. तुम्ही होडी पाण्यात ढकला.