खानुनचा पिंजरा

मित्रांनो, मी पिंजरा आहे. लोखंडी, जुना आणि आता कोपऱ्याकोपऱ्यांत गंजलेला. पिंजरा म्हटले की तुमची तोंडे वाकडी होतात, हे मला ठाऊक आहे. होऊ देत. मी सांगायचे ते सांगणारच.

थायलंडमधल्या लांपांगच्या बाजारात एका वेल्डरने मला जोडले आणि तिथल्याच पाळीव प्राण्यांच्या दुकानाने मला विकत घेतले. माझ्यात पिल्ले येत, गिऱ्हाइके बोटे आत घालून लाड करत, मग पिल्लू खोक्यात बसून निघून जाई आणि मी तिथेच राही. माझ्याकडे कुणी पाहत नसे. पाहिले ते फक्त ओराथाईने. ही शाळकरी मुलगी आईबरोबर आली होती. तिने एका पिवळसर पिल्लाचे डोळे पाहिले, कान हुंगले, पोट चाचपले आणि दुकानदाराला विचारले, "हा झोपतो कुठे?"

"याच पिंजऱ्यात."

"मग पिंजराही द्या. नव्या घरात त्याला ओळखीचं काहीतरी नको का?"

त्या दिवशी मला फार बरे वाटले. आम्ही निघताना दुकानदाराने बजावले, "सगळ्या लशी होईपर्यंत याला दुसऱ्या कुत्र्यांत नेऊ नका."

पिल्लाचे नाव ठेवले खानुन, म्हणजे फणस. ओराथाईने मला पंख्याच्या वाऱ्यात ठेवले, आत जुन्या साडीसारखी मऊ लुंगी अंथरली आणि माझे दार कायम उघडे ठेवले. खोडी केली म्हणून तिने त्याला कधी माझ्यात कोंडले नाही. त्यामुळे तो खेळून दमला की आपणहून आत येई आणि चारी पाय वर करून झोपे. खाणे दुकानातलेच, थोडे थोडे, वेळेवर. शेजारी राहणारी मावशी मात्र भाजलेल्या डुकराच्या मांसाची काडी घेऊन यायची.

"अगं, दे की एक तुकडा. तुझ्या खानुनचं थोबाड बघ, उपाशी भिक्खूसारखं झालंय."

ओराथाई हसायची आणि काडी स्वतःच खाऊन टाकायची. मावशीला थेट नकार तिने कधीच दिला नाही. इथली रीतच तशी. मोठ्यांना तोंडावर 'नाही' म्हणायचे नाही, हसून वेळ मारून न्यायची.

मग सोंगक्रान आला, इथला नव्या वर्षाचा सण. सकाळी मावशी नटूनथटून आली आणि तिने खानुनला सरळ कडेवर घेतले.

"चल, विहारात जाऊ. भंतेंच्या हातचं पाणी पडू दे याच्या अंगावर. वर्षभर आजार फिरकायचा नाही."

विहाराच्या अंगणात लोकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांचा केवढा घोळका असतो, हे गावात कुणाला माहीत नाही? दुकानदाराचे शब्द ओराथाईला आठवत होते. तिचे ओठ हललेही. पण सणाचा दिवस, मावशीचा उत्साह. ती हसली आणि मागोमाग गेली. खानुन परतला तेव्हा त्याच्या गळ्यात मंतरलेला पांढरा दोरा होता आणि पंजे अंगणातल्या चिखलाने भरलेले होते.

काही दिवसांनी त्याने खाणे सोडले. मग उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, "पार्वो आहे. कुत्र्याकडून कुत्र्याला होतो. जगेलच असं मी म्हणणार नाही. रोज सलाइनला आण, बाकीची शुश्रूषा घरीच करावी लागेल."

"करीन," ओराथाई म्हणाली. एवढेच.

आणि तिने केली. खानुन माझ्यात निपचित पडून असायचा आणि ती सुईविना पिचकारीने त्याच्या गालात थेंब थेंब औषध सोडायची. तो ओकायचा, ती पुसायची आणि पुन्हा भरायची. रोज त्याला बाजूला निजवून ती मला ब्लीचच्या पाण्याने घासायची. त्या पाण्याने माझा रंग उडाला, सांधे गंजले. मला मुळीच वाईट वाटले नाही. मावशी दारात येऊन रडायची.

"मी चांगल्यासाठीच नेलं होतं गं."

"माहितीये मावशी. पण आत येऊ नकोस. तुझ्या चपलांनी रोग बाहेर जाईल."

एके दुपारी खानुनने मान उचलली आणि पिचकारीचे टोक चावले. ओराथाई जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडली. मला हात असते, तर मी तिला जवळ घेतले असते.

खानुन वाचला, वाढला, माझ्यात मावेनासा झाला. मी ओट्यावर रिकामा पडलो होतो. अशात मावशी आली, भलतीच खुशीत.

"मीही पिल्लू आणतेय उद्या. तुझा पिंजरा पडूनच आहे ना? घेऊन जाते."

तिने मला उचललेसुद्धा. गंजाच्या भेगांत हा रोग दडून राहू शकतो, नवे पिल्लू यात ठेवू नका, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. मी ओराथाईकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर तेच जुने हसू येऊ लागले होते. मग ते विरले.

"नाही, मावशी."

मावशी थबकली. "काय म्हणालीस?"

"नाही. हा पिंजरा मी कुणालाच देणार नाही. तुला राग आला तर येऊ दे. पिल्लू माझ्या घरात आणू नकोस, आणि लशी होईपर्यंत विहारातही नेऊ नकोस."

मावशीने मला खाली ठेवले आणि पदराशी चाळा करावा तशी पिशवीचा बंद पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "लस कुठं देतात? मला एकटीला नाही जमणार. तू येशील?"

दुसऱ्या दिवशी ओराथाईने मला भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवले आणि त्याला बजावले, "विकू नका. भट्टीतच टाका."

मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हाला टाकू नका' अशी विनवणी करतात. माझी विनवणी उलटी आहे. मी स्वस्तात मिळालो, तरी कुठल्याही पिल्लासाठी मला घेऊ नका. मला वितळू द्या. आणि घरातले कुणी मोठे माणूस प्रेमाने तुमचे पिल्लू उचलून निघाले, तर हसत मागे जाऊ नका. दारात आडवे उभे राहा.