बठ्ठ्या काढ

कोपरा

मी एक जुनी टाइल आहे. खरं तर टाइलचे तुकडे, आणि बोलतोय तो त्यातला मोठा. तुम्हाला मित्रांनो म्हणते, पण मैत्री समजू नका. माणसांशी माझं कधी जमलं नाही.

मोरबीच्या भट्टीत मला भाजलं. सुरतेत, लिंबायतच्या एका दोन खोल्यांच्या घरात, बाथरूमच्या भिंतीला चिकटवलं. पांढरी, चकचकीत. "आरसाच जणू," म्हणत लोक हात फिरवायचे. तेवढंच कौतुक. पुढे माझ्या

तोंडावर

अ‍ॅसिड ओतलं. तारेच्या घासणीने घासलं. घरमालकीण उषाबाईने टिकल्या चिकटवल्या, तिच्या लेकीने, जयश्रीने, शाम्पूच्या फाटक्या पुड्या. भिंतीतला नळ झिरपत होता, तो कुणी बघितला नाही. पाण्याने सिमेंट खाल्लं. काही टाइल्स आत बसल्या, वाकड्या झाल्या. मी समोरून सरळ दिसत होते, मागून सुटले होते. पडायची वाट बघत होते. कुणावर, ते ठरवलं नव्हतं.

सत्याण्णव साली जयश्रीला मुलगा झाला. उषाबाई खानदेशातली, घरात अहिराणी बोलणारी. तिने श्रीरंग मिस्त्रीला बोलावलं. तो परभणीकडचा, सुरतेत नवा.

"बठ्ठ्या काढी टाक," तिने सांगितलं. "मना नातूनी आंघोय आठेच हुई." आणि लेकीला न् नातवाला आणायला दवाखान्यात गेली.

अहिराणीत बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. श्रीरंगने ऐकलं बैठ्या, म्हणजे बसलेल्या. त्याने आत बसलेल्या तेवढ्या छिन्नीने काढल्या. उघड्या प्लास्टरवर टाचे मारले, म्हणजे नवं सिमेंट धरून राहील. भिंतीवर पाणी मारलं आणि बिडी पेटवली.

मी भिंतीवरच राहिले. माझ्या बरोबर खाली पाट मांडायची जागा होती. उषाबाई तिथे पाय पसरून बसणार, पायांवर बाळ घेऊन न्हाऊ घालणार. मला बरं वाटलं.

पाठ

उषाबाई परतली आणि भिंत बघून भडकली.

"बठ्ठ्या काढाले सांगेल व्हतं ना तुले?"

"बसलेल्या काढल्या की," श्रीरंग म्हणाला. "ह्या कुठं बसल्यात? ताठ उभ्या हायेत, तुमच्यावानी."

"तुले मराठी समजस नही का?"

"मी मराठीच बोलतोय, बाई. तुमची कोणती, ते सांगा."

"मंग चालता व्हय."

तो छिन्नी-हातोडी पिशवीत भरू लागला. मी मनात म्हटलं, भांडा. अजून भांडा.

बाळाला घेऊन दारात उभी असलेली जयश्री वैतागली. "माय, बधी म्हण ना त्यांना. बधी टाइल्स."

"बधी?" श्रीरंग थांबला. "मग आधीच बधी म्हणायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या. माझ्याशी गुजरातीच बोलत जा, बाई."

त्याने छिन्नी माझ्या सांध्यात घातली. हातोडी उचलावीच लागली नाही. मी अलगद त्याच्या हातात आले. पाठीला सिमेंटचा कणही नव्हता.

उषाबाईने माझ्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग खाली, पाट मांडायच्या जागेकडे. मग मला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि फरशीवर आपटलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. लहान पोराला भिंतीपाशी बसवण्याआधी भिंत बोटाच्या पेराने वाजवून बघा. पोकळ वाजली, तर टाइल कितीही चकचकीत असो, काढा. आम्हाला दया येत नाही.