सतरा नंबरचा तुकडा

गिरणीतली तीस वर्षं मावशींनी बोटांच्या जोरावर काढली होती. पळत्या कापडावर हात ठेवायचा, गाठ लागली की मशीन थांबवायला लावायचं. गिरणी बंद पडल्यावर त्यांना प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथे माणसासारखा स्पर्श ओळखणारी मऊ, रबरी कातडी बनत होती. पुढे ती कृत्रिम हातांवर बसवायची होती. कापडाचे चाळीस तुकडे चाचपून कोणता किती खरखरीत, एवढंच मावशींनी सांगायचं. मग तेच तुकडे कातडी चाचपायची आणि तिचं उत्तर मावशींच्या उत्तराशी ताडून बघायचं.

तीन आठवडे मेळ बसत नव्हता. त्यातही सतरा नंबरचा तुकडा कातडी खरखरीत ठरवी, मावशी गुळगुळीत म्हणत. इंजिनिअर मुलगी कातडी सोलून काढायची, नवी ओतायची, वाळवायची, पुन्हा लावायची. तिचे डोळे खोल गेले होते. डबा भरलेलाच घरी परत जायचा.

"मावशी, अजून एकदा?"

"दे बाई."

दुपारपर्यंत मावशींचे खांदे भरून येत. त्याहून जड काही असेल, तर ते मनात होतं. मध्यंतरी शिवताना बोटात सुई घुसली, कापडावर रक्त दिसलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. वय झालं, असं म्हणून त्यांनी ते झाकून ठेवलं होतं. ज्या बोटांवर नाव कमावलं, त्यांचं गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाला?

त्या दिवशी मुलीने टेबलावर डोकं टेकलं. "माझ्याच्याने नाही होत. सरांना सांगते, ही कातडी फुकट गेली."

मावशींनी तिचं लक्ष नाही असं बघून सतरा नंबरचा तुकडा गालावर फिरवला. चांगला काथ्यासारखा टोचला.

"सरांना सांगू नकोस," त्या खाली बघत म्हणाल्या. "कातडी बरोबर आहे. माझी बोटं मेलीत."

"कधीपासून?"

"चार-पाच महिने झाले."

मुलगी ताडकन उठली. "तीन आठवडे, मावशी! तीन आठवडे मी वेड्यासारखी..." ती तशीच खिडकीशी जाऊन उभी राहिली. मावशींनी पदराला हात पुसले, उगाच. बऱ्याच वेळाने ती परत आली, शेजारी बसली. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"उद्या दाखवा. मी येते बरोबर."

"तू झोप काढ आधी. आणि माझ्या जागी माझ्या जावेला बोलाव. गिरणीत एकाच खात्यात होतो आम्ही. बोटं माझ्यापेक्षा तल्लख आहेत तिची. जीभही तशीच आहे, तेवढं सोस."

इतक्या दिवसांत मुलगी पहिल्यांदा हसली, पण तेही अर्धवटच.

डॉक्टरांनी साखर सांगितली, तीही बरीच जुनी. साखरेने गेलेली बोटांची जाणीव परत येईल असं काही ते म्हणाले नाहीत. पथ्य पाळलं तर उरलेली टिकेल, म्हणाले. जाऊबाई सोमवारी कामावर रुजू झाल्या आणि पहिल्याच तासाला सतरा नंबरला खरखरीत म्हणून नावं ठेवून मोकळ्या झाल्या. मुलीने फोन करून कळवलं, "जमलं, मावशी."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी औषधाची गोळी घेतली आणि भर दुपारी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, अंथरुणावर अंग टाकलं.